अंटार्क्टिकाचा बर्फ घेऊन बंगलोरला

वास्को ते राणेबेन्नूर

बर्फ पोचवायला मी बंगलोरला गेले होते असं सांगितलं की ऐकणारे आधी हसतात. तिकडे बर्फ मिळत नाही का, असंही एकाने विचारलं. हा बर्फ निराळा होता. अंटार्क्टिकावर पडलेला, थरावर थर साचून दगडासारखा घट्ट झालेला. मोहिमेवर गेलेल्या मंडळींनी खोल भोक पाडून त्याच्या कांड्या काढल्या होत्या आणि उसासारखे तुकडे करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केल्या होत्या. वरची कांडी अलीकडच्या हिमाची, खालची आपल्या खापरपणजोबांच्याही आधीच्या काळची. हिमाबरोबर त्या त्या काळची धूळ खाली बसते आणि त्या धुळीत शिसं असतं. माणसाने धातूच्या भट्ट्या पेटवल्या, पुढे पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं. तो धूर पृथ्वीच्या त्या टोकापर्यंत पोचला का आणि कधीपासून, एवढंच मला त्या बर्फाला विचारायचं होतं.

पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत इतकं सूक्ष्म मोजायची सोय नव्हती. ती बंगलोरला, मल्लेश्वरमच्या पुढे एका संस्थेत होती. जहाज गोव्याला लागलं तेव्हा माझ्या वाट्याला दोन कांड्या आल्या, एक जुनी आणि एक अलीकडची. त्या न्यायला कोळंबी वाहून नेणारी एक थंड गाडी ठरली. चालक बसाप्पा खानापूरकडचे, कानडी-मराठी दोन्ही बोलणारे. मागे काय आहे हे मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मासळी नाही. मग वास येणार नाही की. बरं झालं."

घाट चढलो, बेळगाव मागे पडलं. धारवाडच्या पुढे एका खानावळीत जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि एणगाई म्हणजे भरलं वांगं खाल्लं. आपल्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. इथे ती पापडासारखी वाळवून चळत लावून ठेवतात आणि पाहुण्याला विचारतात, कडक की मऊ. मी कडक घेतली आणि बसाप्पांनी मान डोलावली.

हावेरीच्या पुढे गाडीचा आवाज बदलला. इंजिन चालू होतं, पण मागच्या थंडाव्याच्या यंत्राची घरघर थांबली होती. बसाप्पा खाली उतरले, वाकून बघितलं आणि तुटलेला पट्टा हातात घेऊन आले.

"बंद पडलंय की हो बाई. हा पट्टा इथं मिळायचा नाही. दावणगेरेला मिळंल, नाहीतर हुबळीला मागं."

दुपारचं ऊन रस्त्यावर उकळत होतं. गाडीच्या पोटातला थंडावा काही वेळ टिकला असता, पण दावणगेरेपर्यंत नक्की नाही. कांडीचा बाहेरचा थर वितळला की त्याच्यावरचं घाणेरडं पाणी आत झिरपतं आणि मग ती कांडी फक्त पाणी असते. पुन्हा मोहीम, पुन्हा जहाज. आणि माझा नंबर त्यात परत लागेलच असं नाही.

"इथे जवळ बर्फाचा कारखाना आहे का?" मी विचारलं.

"बर्फाला बर्फ?" बसाप्पा म्हणाले. पण त्यांनी वेळ घालवला नाही. राणेबेन्नूरच्या बाहेर एक होता, आइसकांडी आणि सोडावाल्यांना बर्फ पुरवणारा. तिथले मालक कानडीशिवाय काही बोलत नव्हते. बसाप्पांनी काय सांगितलं कोण जाणे. मालकांनी हात जोडले आणि लाद्या बाहेर काढायला लावल्या. मी बाजारातून खडे मिठाची पोती मागवली. पॉटमध्ये आइस्क्रीम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की बर्फात मीठ घातलं की तो नुसत्या बर्फाहून कितीतरी थंड होतो. फोडलेला बर्फ आणि मीठ आम्ही कांड्यांच्या पेट्यांभोवती ठासून भरलं. माझे हात बधिर झाले होते आणि खाऱ्या पाण्याने पायांतल्या चपला ओल्या झाल्या होत्या.

दावणगेरेला पट्टा मिळाला. यंत्र पुन्हा घरघरलं तेव्हा बसाप्पांनी मला लोण्याचा डोसा खायला लावला. मी अर्धाच खाल्ला. पेटीतला थर्मामीटर बघायला मी सारखी उठत होते.

"मी मालकाला काय सांगितलं म्हाईत आहे का?" ते म्हणाले. "बाईंचं आजारी माणसाचं औषध आहे म्हटलं. खोटं बोललो, पण लवकर काम झालं की."

मल्लेश्वरम

संस्थेतल्या शिसे-विभागाचे प्रमुख डॉ. श्रीनिवास बारीक अंगकाठीचे, हळू बोलणारे, कामात कडक. आमचं बोलणं इंग्रजीतच चाले. त्यांनी आधी कांड्या शीतपेटीत ठेवल्या, मग मला कॉफी दिली. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत प्यायची ती कॉफी मला पुढे फार आवडायला लागली. त्या दिवशी मात्र माझं लक्ष शीतपेटीच्या आवाजाकडेच होतं, कारण आम्ही बसलेलो असतानाच वीज गेली. खाली जनरेटर सुरू झाला.

"रोजचं आहे," श्रीनिवास म्हणाले. "डिझेल आहे तोवर काळजी नाही. पण फार दिवस लावू नका. आणि यंत्र आपल्याला ठरलेल्या मुदतीपुरतंच आहे. त्यानंतर दुसऱ्यांची पाळी."

मोजायची खोली म्हणजे एक काचेचा पेटाराच होता. आत गाळलेली हवा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, दुहेरी हातमोजे. इतकी काळजी का, तर बंगलोरचे रस्ते. रिक्षा, मोटारी, स्कूटरी, सगळ्यांच्या धुरात शिसं. बिनशिशाचं पेट्रोल नुकतंच कुठेकुठे दिसू लागलं होतं. मला जे मोजायचं होतं त्याच्या मानाने बोटावरची अदृश्य धूळ म्हणजे डोंगर. म्हणून बर्फाला हात लावण्याआधी कोरा नमुना करायचा. अतिशुद्ध पाणी घ्यायचं, बर्फावर जे जे करणार ते सगळं त्या पाण्यावर करायचं आणि मोजायचं. आकडा जवळजवळ शून्य आला, तरच पुढे जायचं.

तसा तो आला नाही. पहिल्या दिवशी भरमसाट शिसं आलं. आम्ही आम्लाची बाटली बदलली, भांडी पुन्हा उकळली, हवेची गाळणी बदलली. दुसऱ्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्याही. श्रीनिवासांच्या कपाळावरची आठी दर खेपेला खोल होत गेली. मुदत सरत होती आणि कांड्यांना अजून कुणी हातही लावला नव्हता.

मी राहत होते राजाजीनगरात, माझ्या मावसबहिणीकडे. सुमन माझ्याहून लहान. ती लग्न होऊन तिथल्या जुन्या मराठी घरात गेली आणि बोलायला लागली की आता अर्धं कानडी येतं. "ताई, स्वल्प थांब, सारू ऊन करते," असं; सारू म्हणजे आमटी. तिचे यजमान सदानंदराव मला अक्का म्हणत. मोठ्या रस्त्यावर त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. वीज सारखी जात असल्याने घरोघर इन्व्हर्टर आले होते आणि धंदा जोरात होता. घरामागे एक पत्र्याची खोली होती, तिथे माल ठेवतात असं सुमन म्हणाली होती. मी सकाळी लवकर निघे आणि दिवेलागणीला परते.

त्यांची मुलगी चिन्नू चार वर्षांची. आल्या दिवशी मी तिला पुण्याची बाकरवडी दिली तर तिने हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. मुलं खेळायला बोलवायची तर ही ओट्यावर पोट दाबून बसायची.

"जंत आहेत म्हणतात डॉक्टर," सुमन म्हणाली. "औषध झालं, टॉनिक झालं. बोलायचीसुद्धा कमी झाली गं. आधी कशी तोंडाला तोंड द्यायची."

त्या आठवड्यात श्रीनिवासांनी एक साधी गोष्ट केली. एक कोरा नमुना त्यांनी केला, एक मी, एकाच पाण्याचे, एकाच खोलीत. त्यांचा स्वच्छ निघाला. माझा घाण.

त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. मग म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. हे शिसं तुमच्याबरोबर येतंय. केसांतून, कपड्यांतून. राहता कुठे?"

"राजाजीनगर. रिक्षाने येते. रस्त्यावरचा धूर असेल."

"मलाही तेच वाटलं होतं. पण हे पेट्रोलचं नाही."

शिशालाही कूळ असतं. कुठल्या खाणीतून निघालं त्याप्रमाणे त्यातल्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण वेगळं असतं, आणि ते शिसं वितळवा, जाळा, ते प्रमाण बदलत नाही. बंगलोरच्या रस्त्यावरची धूळ श्रीनिवासांनी पूर्वीच मोजून ठेवली होती. माझ्यावरचं शिसं त्या कुळातलं नव्हतं. त्यांनी माझ्या साडीचा पदर ओल्या कागदाने पुसला आणि तो कागद मोजला. आकडा बघून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या घराजवळ कुणी शिसं वितळवतं का?"

साडी सुमनने परसात वाळत घातली होती. पत्र्याच्या खोलीसमोर. आणि त्याच परसात चिन्नू दिवसभर असायची.

राजाजीनगर

मी भर दुपारी रिक्षाने परत गेले. आयुष्यात मी इतक्या अधीरपणे रिक्षात बसले नसेन. प्रत्येक सिग्नलला मी पुढे वाकत होते. शेवटी रिक्षावाला वळून म्हणाला, "यजमानांना बरं नाही का अम्मा?"

घरात न थांबता मी मागच्या दाराने परसात गेले. पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आत स्टोव्हवर लोखंडी कढई, कढईत आरशासारखं चकाकणारं शिसं. सदानंदराव जुन्या बॅटरीच्या पट्ट्या त्यात सोडत होते. भिंतीशी फोडलेल्या बॅटऱ्यांचा ढीग होता, आणि त्यातली करडी भुकटी वाऱ्याने दाराबाहेर पसरून मातीत मिसळली होती. चिन्नू त्या मातीत बसून नारळाच्या करवंटीत भात शिजवत होती. मी बघत असताना तिने बोट तोंडात घातलं.

मी तिला उचललं. ती रडली नाही, नुसती माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

नळाखाली मी तिचे हात धूत होते तेव्हा सुमन आली. हे शिसं मातीतून चिन्नूच्या पोटात जात असावं, असं मी तिला तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे जंत नाहीत?"

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण मला वाटतं, नाहीत."

सदानंदराव हात पुसत आले. चिडले नाहीत, पण आवाज कोरडा झाला. "अक्का, तुम्ही शिकलेल्या आहात. पण हे आमच्या वडिलांनी, अप्पांनी जन्मभर केलं. याच खोलीत. मी याच परसात मोठा झालो. आम्हाला काही झालं नाही."

सुमन खाली बघत म्हणाली, "अप्पांना शेवटी पेला उचलता येत नव्हता. मनगटं लोंबायची. मी भरवायचे त्यांना."

"तो वात होता."

"वात म्हणाले सगळे," सुमन म्हणाली.

 कढई अजून स्टोव्हवर होती. सदानंदराव आत गेले आणि स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला.

पुन्हा मल्लेश्वरम

मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. चिन्नूच्या पापण्या ओढून बघितल्या, पोट तपासलं. "शक्यता आहे," त्या म्हणाल्या. "पण औषध कडक आहे, नुसत्या संशयावर देणार नाही. रक्तातलं शिसं मोजून आणा. आमच्याकडे सोय नाही. बाहेर पाठवलं तर उत्तर यायला महिना जाईल, आणि ते खरं असेल याची मी खात्री देणार नाही."

मोजता येण्यासारखं यंत्र मला माहीत होतं.

श्रीनिवासांनी नकार दिला नाही, पण होकारही दिला नाही. ते खुर्चीत मागे टेकले. "मॅडम, काय मागताय ते तुम्हाला माहीत आहे. या रक्तात बर्फाच्या लाखो पटींनी शिसं असेल. यंत्राच्या आत ते चिकटून बसतं. नंतर सगळं उघडून धुवायचं, पुन्हा कोरे नमुने करायचे. आपली मुदत त्यातच जाईल. आणि डिझेलचंही खाली सांगत होते, पुरवठा अडलाय. तुमच्या दोन कांड्या आहेत. एक जरी मोजून झाली तर मोठी गोष्ट आहे."

"एकही नाही झाली तर?"

"तर तुम्ही पुण्याला काय सांगाल?"

 त्या कांड्यांसाठी मी कित्येक वर्षं घालवली होती. कुणीतरी थंडीत हाताची कातडी सोलून घेत त्या काढल्या होत्या. हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि तरी मला खांद्यावर टाकलेलं ते डोकंच जाणवत होतं.

"आधी रक्त मोजू या," मी म्हटलं.

श्रीनिवासांनी चष्मा काढून पुसला. "सरी," बरं, अशा अर्थाने ते कानडीत म्हणाले, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी चिन्नूच्या रक्ताची बारीकशी नळी घेऊन सदानंदराव स्वतः आले. आत येता येणार नाही म्हटल्यावर चपला काढून व्हरांड्यात बसून राहिले. मी सांगायला बाहेर गेले तेव्हा ते उभे राहिले.

"खूप आहे," मी म्हटलं. "आणि तुमच्या कढईतलं शिसं आम्ही मोजलं. त्याचं आणि चिन्नूच्या रक्तातल्या शिशाचं कूळ एकच आहे."

ते व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "अप्पांचं रक्त आता कुठून मोजणार." आणि चपला पायांत सरकवत, "काय करायचं ते सांगा, अक्का. सगळं सांगा, राखून ठेवू नका."

चिन्नूला दवाखान्यात ठेवलं. शिसं ओढून बाहेर काढणारी इंजेक्शनं फार दुखतात. पहिल्या दिवशी ती किंचाळली आणि सुमन बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. मूत्रपिंडं हे औषध सोसतील का, याची डॉक्टरीणबाईंना धास्ती होती; रोज लघवी तपासत आणि आम्हाला नुसतं "बघू या" म्हणत. इकडे आम्ही यंत्र उघडून धूत होतो. मी दवाखान्यातून संस्थेत जायचे, अंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, आणि तिथून पुन्हा दवाखान्यात. मुक्काम मी संस्थेच्या अतिथिगृहात हलवला होता. सदानंदरावांनी सुमन आणि चिन्नूसाठी सासुरवाडीच्या ओळखीत मल्लेश्वरमला एक खोली घेतली, पत्र्याची खोली पाडली आणि परसातली माती खणून काढायला लावली. तिचं काय करायचं हेही त्यांनी मलाच विचारलं, आणि खरं सांगायचं तर मला नीट माहीत नव्हतं. श्रीनिवासांनी चौकशी करून ती पिंपांत बंद करवली.

एका सकाळी मी वॉर्डात गेले तर चिन्नू उठून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या इडलीकडे टक लावून बघत होती.

"तुला हवी का?" मी विचारलं.

"त्याची नको. माझी आण," ती म्हणाली.

सुमन हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून बरीच औषधं लागतील आणि शाळेत गेल्यावर हिच्यावर लक्ष ठेवावं लागेल. काही नुकसान भरून येतं, काही येत नाही. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांचे आभार मानले.

शेवटचा दिवस

यंत्र साफ झालं तेव्हा मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. ज्यांची पुढची पाळी होती त्या गृहस्थांना श्रीनिवासांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण त्यांनी थोडी सवलत दिली. माझा कोरा नमुना अखेर कोरा निघाला. आम्ही जुनी कांडी घेतली. बाहेरचा थर तासायचा, छिन्नी बदलायची, त्याच्या आतला तासायचा, पुन्हा छिन्नी बदलायची, असं करत करत कुणाचाही हात न लागलेल्या मधल्या बर्फापर्यंत पोचायचं. या कामात दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा आम्ही अंधारात श्वास रोखून उभे राहिलो आणि दोन्ही वेळा जनरेटर सुरू झाला.

मधल्या बर्फात शिसं जवळजवळ नव्हतंच. यंत्राला ते दिसता दिसता दिसलं. श्रीनिवासांनी तो आकडा माझ्यापुढे सरकवला आणि कॉफी मागवली. हवा मुळात इतकी स्वच्छ होती, हे मी वाचलं होतं. स्वतः मोजलं ते तेव्हा.

उरली अलीकडची कांडी. तिच्यातच माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. तिच्यासाठी एकच दिवस हातात होता, आणि संध्याकाळी माझी पुण्याची गाडी.

त्या सकाळी मी संस्थेत पोचले तेव्हा पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसली. सदानंदराव पुढे आले. त्यांच्यामागे त्यांच्या गल्लीतले, घरी तसंच शिसं वितळवणारे बॅटरीवाले होते, त्यांच्या बायका होत्या, आणि मुलं. कडेवरची, बोट धरलेली, एक शाळेच्या गणवेशात. सगळी विलक्षण शांत.

"मी यांना सांगितलं," सदानंदराव म्हणाले. "कुणी ऐकेना. मग मी चिन्नूच्या हातावरच्या सुयांच्या खुणा दाखवायला एकेकाला दवाखान्यात नेलं. बोलावल्याशिवाय आणलं, अक्का. चुकलं असेल तर परत नेतो."

श्रीनिवास माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. सदानंदराव काय म्हणाले ते त्यांना कळलं नसावं, पण मुलं त्यांना दिसत होती. ते मला म्हणाले, "मॅडम, कांडी बाहेर काढून ठेवली आहे. सुरुवात करायची तर आत्ता करावी लागेल."

मी आत गेले. कांडी टेबलावर होती, पिशवीत, आतून अजून अगदी निळसर. मी ती उचलली, शीतपेटीत परत ठेवली आणि झाकण लावलं. बाहेर येईपर्यंत श्रीनिवासांनी दवाखान्याचा नंबर फिरवला होता.

"डॉक्टर," ते फोनवर सांगत होते, "नर्सला इकडे पाठवाल का? हो, आत्ताच. आणि सुया लहान मुलांच्या पाठवा. जरा जास्तच पाठवा."